जुनी होंडा सिटी: 2019 ची व्ही घेऊ की 2018 ची व्हीएक्स?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरातच दोन सिटी बघून आलात. व्ही आणि तिच्या वरची व्हीएक्स ही सिटीची दोन व्हेरियंट. एक 2019 ची व्ही, पेट्रोल मॅन्युअल, 46 हजार किलोमीटर, सांगितलेली किंमत 6 लाख 80 हजार. दुसरी 2018 ची व्हीएक्स, तीही पेट्रोल मॅन्युअल, पण 79 हजार किलोमीटर, किंमत 6 लाख 95 हजार. घरात आई-वडील, तुम्ही दोघं आणि एक मुलगी. महिन्यातून एखादी फेरी समृद्धीने संभाजीनगरला होते. मुलीला सनरूफ हवं आहे. शेजारचे काका म्हणतात, दोन्ही सोडा आणि ह्युंदाई वेर्नाची टॉप घ्या.

या दोघींतूनच निवडायची असेल तर भाऊ, व्ही घ्या. मी मोटार विम्याच्या सर्व्हेचं काम करतो. ठोकलेल्या गाड्या आतून उघडलेल्या बघणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे व्हेरियंटकडे मी जरा वेगळ्या बाजूने बघतो. कोणती गोष्ट कंपनीतूनच यावी लागते आणि कोणती नंतर बाहेरून लावता येते, हे मी आधी वेगळं करतो. टचस्क्रीन, मागचा कॅमेरा, सीट कव्हर, अलॉय हे सगळं सीताबर्डी-सदरच्या दुकानात एका दिवसात लागतं. एअरबॅग कोणत्याच दुकानात लागत नाही. जुन्या गाडीत जास्तीचे पैसे मोजायचे तर ते अशाच गोष्टींसाठी मोजावेत.

आता तुमच्या दोन गाड्या या हिशेबात बसवू. फेब्रुवारी 2017 मध्ये सिटीचा चेहरा बदलला, तेव्हापासून दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी सोय) सगळ्याच मॉडेलांत आले. व्हीमध्ये क्रूझ कंट्रोल आहे, बटण स्टार्ट आहे, मागच्या सीटला एसीचे व्हेंट आहेत, टचस्क्रीन आणि रिव्हर्स कॅमेराही आहे. व्हीएक्समध्ये त्यावर सनरूफ, लेदर सीट आणि 16 इंची चाकं मिळतात. एअरबॅग मात्र दोनच. त्या दोन्ही पुढच्या सीटसाठी, आणि तुमचे आई-वडील व मुलगी बसणार मागे. म्हणजे एक वर्ष जुनी आणि 33 हजार किलोमीटर जास्त चाललेली गाडी तुम्ही 15 हजार जास्त देऊन घेणार, आणि मागे बसणाऱ्यांच्या सुरक्षिततेत काडीचा फरक पडणार नाही. मला हे पटत नाही.

सिटीच्या या पिढीत सहा एअरबॅग फक्त झेडएक्स या सगळ्यात वरच्या व्हेरियंटमध्ये आहेत. त्यातल्या पडद्यासारख्या दोन छताच्या कडेने खाली उघडतात आणि मागे बसलेल्याचं डोकंही वाचवतात. एखाद्या चौकात बाजूने धडक बसली तर खरा फरक तिथे पडतो. म्हणून माझं मत असं आहे की सिटीत व्ही घ्यावी किंवा ताणून थेट झेडएक्स घ्यावी. मधल्या व्हीएक्ससाठी वेगळे पैसे मोजू नयेत. नवीन घेताना या मॉडेलांमध्ये जेवढा फरक असतो, तो जुन्या बाजारात आकसतो. त्यामुळे थोडं थांबायची तयारी असेल तर पुण्या-मुंबईकडच्या जाहिरातीही बघा, तिकडे झेडएक्स जास्त दिसतात. मुंबईची गाडी असेल तर खालचा पत्रा गंजलाय का, ते लिफ्टवर चढवून बघा.

झेडएक्स शोधताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पेट्रोल झेडएक्स सुरुवातीला फक्त ऑटोमॅटिक होती, मॅन्युअल जानेवारी 2019 मध्ये आली. गेल्या उन्हाळ्यात ओळखीच्या एका ताईंसाठी मी गाडी बघायला गेलो होतो. डिकीवर झेडएक्सचा बिल्ला चकचकीत, गाडी 2018 ची, पेट्रोल, आणि आत बघतो तर मॅन्युअल गिअर. तिथेच शंका आली. पुढच्या सीटच्या दाराकडच्या कडेला 'एसआरएस एअरबॅग' असं लिहिलेली कापडी पट्टी शिवलेली असते, ती नव्हती. दारांच्या मधल्या खांबाच्या वरच्या टोकाला प्लास्टिकवर तीच अक्षरं कोरलेली असतात, तीही नव्हती. हेडलाइट साधे, एलईडी नव्हते. आरसी मागितली तर मॉडेलच्या रकान्यात सरळ व्ही छापलेलं. विकणारा म्हणाला, बिल्ला आधीच्या मालकाने लावला असेल. असेलही, पण भाव झेडएक्सचाच सांगत होता! तो बिल्ला बाजारात दोन-चारशे रुपयांत मिळतो. ताईंना तिथूनच परत आणलं.

म्हणून व्हेरियंट डिकीवर वाचू नका, कागदावर वाचा. आरसीवर बहुतेक वेळा व्हेरियंट आणि गिअरबॉक्स दोन्ही लिहिलेले असतात. विम्याच्या पॉलिसीवर असतात, आणि पहिल्या मालकाचं मूळ बिल मिळालं तर सोन्याहून पिवळं. तिन्ही कागद जुळले पाहिजेत. पॉलिसीवर खालचं मॉडेल आणि गाडीवर वरचं, असं निघालं तर उद्या क्लेमच्या वेळी भांडण तुमच्या गळ्यात पडेल.

दुसरी तपासणी एअरबॅग जागेवर आहेत का याची, आणि ही व्हीसाठीही करायची आहे. क्लच किंवा ब्रेकवर पाय न ठेवता बटण दोनदा दाबून गाडी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. मीटरमध्ये एअरबॅगचा लाल दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी आपोआप विझला पाहिजे. लागलाच नाही, तर कोणीतरी तो मुद्दाम बंद केलाय. दुसऱ्या एखाद्या दिव्याबरोबर, अगदी त्याच क्षणी विझला, तर वायर त्या दिव्याला जोडून दिल्याची शक्यता असते. मग प्रत्येक सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. तळाशी एक लेबल शिवलेलं असतं, त्यावर बेल्ट कधी बनला ते लिहिलेलं असतं. चार बेल्ट 2018 चे आणि ड्रायव्हरचा एकटा 2021 चा, असं दिसलं तर ती गाडी चांगली ठोकली गेली होती असं समजा. पेंट कितीही सुंदर असू द्या, बेल्ट खोटं बोलत नाही.

आता सनरूफ. मुलीला हवं आहे हे समजतं, माझ्याही घरात हाच हट्ट आहे. पण नागपूरच्या उन्हाचा विचार करा. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, त्या दिवसांत सनरूफचा पडदासुद्धा कोणी सरकवत नाही. उन्हाने त्याचं रबर कडक होतं. चारही कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्या धूळ आणि निंबाच्या पाल्याने तुंबतात. मग जुलैमध्ये पाणी छताच्या कापडात उतरतं. व्हीएक्स घ्यायचंच ठरलं तर सनरूफ पूर्ण उघडा, कडेच्या पन्हाळीत तांब्याभर पाणी हळूहळू ओता आणि खाली वाकून बघा. पाणी गाडीखाली पडलं पाहिजे. आत पुढच्या खांबाजवळ छताचं कापड पिवळं पडलंय का, तेही बघा.

16 इंची चाकं दिसायला देखणी आहेत, यात वाद नाही. पण व्हीचा टायर 175/65 आर15 आहे आणि व्हीएक्सचा 185/55 आर16. आकडेमोड केली तर व्हीच्या टायरची बाजूची भिंत साधारण 114 मिलिमीटर येते, व्हीएक्सची 102. आपल्याकडे सिमेंट रस्त्याचा स्लॅब संपतो आणि पुढे डांबर खचलेलं असतं, तिथे हे 12 मिलिमीटर रिम वाचवतात. शिवाय 16 इंची टायर महागही पडतो.

टायरचं आणखी एक, कारण तुम्ही समृद्धीवर जाता. तिथे 120 ची मर्यादा आहे, खाली तापलेलं काँक्रीट, आणि तासन्‌तास एकाच वेगात गाडी चालते. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला टायर. व्ही कमी चाललेली आहे म्हणून तिच्यावर अजून मूळचेच टायर असतील, नक्षीही छान दिसेल. तरी त्या टायरवर आई-वडिलांना बसवून समृद्धीला जाऊ नका. रबर वयाने मरतं. चार नवे टायर धरून भाव करा आणि ती रक्कम किमतीतून कमी करून मागा.

काकांच्या वेर्नाबद्दल सांगायचं तर त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. 2017 नंतरच्या वेर्नाच्या एसएक्स ऑप्शनलमध्ये सहा एअरबॅग आहेत आणि पुढच्या सीटमधून पंख्याची हवा येते. टॉप मॉडेलमधल्या सगळ्या चैनींपैकी नागपूरच्या माणसाला खरोखर उपयोगी पडणारी हीच एक, आणि ती बाहेरून लावून तशी जमत नाही. पण मागची सीट सिटीपेक्षा आखूड आहे. वडिलांना मागे बसवून बघा, त्यांचे गुडघे काय म्हणतात ते माझ्यापेक्षा जास्त महत्त्वाचं. मारुतीची सियाझ बघणार असाल तर तिची मागची जागा राजेशाही आहे, पण वरच्या अल्फामध्येही एअरबॅग दोनच. त्यामुळे तिथे अल्फाचा हट्ट न धरता चांगली ठेवलेली झेटा किंवा डेल्टासुद्धा चालेल.

2017 च्या आधीची कोणतीही सेडान दाखवली तर मात्र हे सगळं नव्याने तपासा. त्या काळात एअरबॅग आणि एबीएस मॉडेलगणिक बदलायचे.

एसीची परीक्षा दुपारी घ्या. विकणारे बहुधा संध्याकाळी गाडी दाखवतात, तेव्हा कोणताही एसी गार वाटतो. दोन वाजता बोलवा, गाडी तासभर उन्हात उभी करायला लावा, आणि मग स्वतः मागच्या सीटवर बसा. दहा-पंधरा मिनिटांत मागे बरं वाटू लागलं पाहिजे. व्ही आणि व्हीएक्स दोघींना मागे व्हेंट आहेत, त्यामुळे इथे व्हेरियंटने नाही, गाडीच्या तब्येतीने फरक पडेल.

किलोमीटर खरे आहेत का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नेऊन तिथल्या नोंदींवरून ताडून बघा. 46 हजार हा आकडा खरा निघाला तरच माझं वरचं मत लागू आहे. मीटर मागे फिरवलेलं असेल तर व्ही तिथेच सोडा, आणि व्हीएक्सच्या नोंदी स्वच्छ असतील तर तिच्याकडे वळा, पण 6 लाख 95 हजारांना नाही.

एक शेवटचं, विम्याचं. गाडी नावावर झाली की 14 दिवसांत पॉलिसीही नावावर करायला अर्ज द्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याच नावावर राहतो, त्यामुळे फरकाचे काही हजार भरावे लागतील. ते बजेटमध्ये आत्ताच धरून ठेवा. व्हीचे कागद हातात आले की आरसी आणि पॉलिसीवरची मॉडेलची ओळ इथे लिहा, गाडीचा नंबर आणि मालकाचं नाव वगळून. मी बघून सांगतो.