जुन्या बोट-मोटरची वायर बदलताना

भाऊ, गोसीखुर्दच्या पाण्यात चालवायला जुनी जॉन्सन कंपनीची बोट-मोटर घेतलीस, बेस केलंस. पण ठिणगी येत नाही म्हणून लगेच नवी कॉइल (ठिणगीसाठी वीज वाढवणारं वेटोळं) मागवू नको. बंद करायचं बटन असेल तर आधी त्याची वायर सोडव. स्पार्क प्लग काढून त्याची बॉडी इंजिनाला टेकव, पेट्रोल लांब ठेव आणि दोरी ओढ. ठिणगी आली, तर ती वायर सोलून किंवा बटन बिघडून करंट इंजिनाच्या बॉडीत उतरतोय (अर्थ होतंय), एवढंच दुखणं.

नाही आली, तर फ्लायव्हील, म्हणजे वरचं जड चाक, उतरवावं लागेल. त्याला ओढून काढायचं हत्यार, पुलरच लाव. शाफ्टवर हातोडा घालणारे मिस्त्री आपल्याकडे कमी नाहीत, त्यांच्या हाती देऊ नको. खालच्या मॅग्नेटोचे (ठिणगीची वीज बनवणाऱ्या भागाचे) मोबाइलवर सगळीकडून फोटो काढ, मग वायर हलकेच वाकव. आवरण तुरीच्या वाळल्या शेंगेसारखं तडकलं, तर टेप गुंडाळत बसू नको, अख्खी वायर बदल.

घरच्या फिटिंगची एकतारी वायर इथं थरथरीनं तुटते. बारीक तारांची, कथिल चढवलेली, तेल-पेट्रोल सोसणारी घे. थ्रॉटलसोबत मॅग्नेटोची प्लेट फिरते, म्हणून थोडी ढील हवी. पण फ्लायव्हीलला घासेल इतकी नको. नवशिके फसतात ते इथंच.

उघडलंच आहे तर पॉइंटही (ठिणगीसाठी उघड-बंद होणारे संपर्क) साफ कर. जॉन्सनच्या बऱ्याच जुन्या मोटरींत पॉइंट पूर्ण उघडल्यावर त्यांच्यातली फट ०.०२० इंच ठेवतात. शेवटी फ्लायव्हीलचा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनंच (सांगितलेल्या जोरानंच) आवळ, ढिला राहिला तर फ्लायव्हीलची चावी, म्हणजे त्याला शाफ्टवर जागेवर धरणारा छोटा लोखंडी तुकडा, कापली जाते.