सीजे-३बी जीपचं मॉडेल : पाटे, शॅकल, शॉक कोणत्या क्रमाने जमवायचे

ऑर्डर द्यायच्या आधी थोडं थांबा. तुम्हाला रिमोटवर चालणारी १:१० ची महिंद्रा सीजे-३बी करायची आहे, तीही खरोखर काम करणाऱ्या पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर). तुमच्या सामानाच्या यादीत मात्र १:१० क्रॉलरचे (खडकांवर चढणाऱ्या रिमोट गाडीचे) दोन ॲक्सल आणि १०० मिमीचे स्प्रिंगवाले चार शॉक आहेत. या दोन्ही वस्तू त्या जीपला बसणार नाहीत.

मूळ जीप अगदी आखूड आणि अरुंद आहे. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ८० इंच, म्हणजे २०३२ मिमी. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर साधारण १२३० मिमी. १:१० मध्ये हे २०३ आणि १२३ मिमी होतं. क्रॉलरच्या ॲक्सलवर चाकं लावली की डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १९० मिमीच्या आसपास जातं, आणि चाकं मडगार्डच्या बाहेर लोंबतात. तोच ॲक्सल १:६ ला मात्र छान जमतो: तिथे २०५ मिमी लागतात, आणि राहिलेला फरक रुंद हेक्स हबने (चाक ॲक्सलवर बसवणाऱ्या षटकोनी तुकड्याने) भरून निघतो. व्हीलबेस ३३९ मिमी, टायर १२० मिमी व्यासाचा. टायर घेताना २५ ते ३० मिमी रुंदीचाच शोधा. क्रॉलरचे नेहमीचे टायर फार जाड, त्याने जीपचा चेहराच बदलतो. १:१० वरच ठाम असाल तर छोट्या १:१६ ट्रकचे सुटे ॲक्सल मोजून बघा. माझं मत १:६ च्या बाजूने आहे, कारण त्या मापाचे पाटे हाताने नीट बनवता येतात. पुढचं सगळं १:६ धरून लिहितो.

ॲक्सल धातूचा आणि गोल नळीचा घ्या. प्लॅस्टिकच्या ॲक्सलच्या आवरणावर लिंकचे (जोडदांड्यांचे) कान असतात. ते कापले तरी पाट्याची बैठक सरळ बसत नाही. मूळ जीपमध्ये पुढचं-मागचं दोन्ही डिफरन्शियल (ॲक्सलवरचा गिअरचा गोळा) उजवीकडे सरकलेलं आहे, तेही निवडताना बघा. आणखी एक: या जीपचे पाटे ॲक्सलच्या खालून जातात. वर बसवले तर गाडी विनाकारण उंच होते.

आता पाटे. मूळ पुढचा सुमारे ९२० मिमी लांब, मागचा १०६७, रुंदी पावणेदोन इंच. मॉडेलमध्ये पुढे १५३, मागे १७८, रुंदी साडेसात मिमी. यासाठी सर्वांत सोपा माल म्हणजे बाय-मेटल हॅकसॉ ब्लेड: जाडी ०.६५ मिमी, आणि पाठ स्प्रिंग स्टीलची. पूर्ण कडक ब्लेड घेऊ नका, वाकवताच तुटतं. पॅकिंगची पट्टी तर वाकून तशीच राहते. दातांची बाजू पाणी मारत घासून काढा. कड निळी पडली की तिथला ताव (कडकपणा) गेला. सात-आठ ब्लेड लागतात, काही तुटणार म्हणून दहा घ्या.

किती पाटे घालायचे ते गाडीच्या वजनावर ठरतं. १:६ जीप बॅटरीसह चार किलोच्या आसपास धरा. ॲक्सल आणि चाकांचा किलोभर भार पाट्यांवर येत नाही, म्हणजे चारही चाकांच्या पाट्यांवर प्रत्येकी सुमारे ७५० ग्रॅम. या जाडीचे एकावर एक तीन पाटे पुढच्या प्रत्येक चाकाला आणि चार मागच्या प्रत्येक चाकाला लावले तर गाडी स्वतःच्या वजनाने आठ-नऊ मिमी बसते, तेवढं हवंच. वजन वेगळं भरलं तर पाटे त्या प्रमाणात कमी-जास्त करा. जाडी मात्र जपून बदला: ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे ०.५ वरून ०.६५ वर गेलात की तो दुपटीहून जास्त होतो. मूळ जीपसारखा जाड थर दिसायला हवा असेल तर खाली अर्धा मिमी प्लॅस्टिक शीटच्या पट्ट्या घाला, जादा स्टील नको. मोकळ्या पाट्याची कमान १४-१५ मिमी ठेवा. दीड इंची पाइपावर थंडच वाकवा, आणि प्रत्येक आखूड पाट्याला वरच्यापेक्षा किंचित जास्त बाक द्या, म्हणजे टोकं चिकटून राहतात.

सगळ्यात जास्त माल वाया जातो तो डोळा (पाट्याच्या टोकाचं बोल्टसाठीचं वेटोळं) वळवताना. थंड वळवलात तर तडकतो. फक्त टोकाचा १५ मिमी भाग लाल करा, बाकीचा व्हाइसच्या जाड जबड्यात धरा, लाल असतानाच ४ मिमीच्या सळईवर गुंडाळा आणि राखेत हळू थंड होऊ द्या. पाण्यात बुडवाल तर काचेसारखा ठिसूळ होईल. मधल्या बोल्टसाठी पाट्याला भोक पाडू नका. ताण तिथेच सर्वांत जास्त असतो. दोन बाजूंना गाल असलेली खालची प्लेट आणि यू बोल्ट पुरतात.

बाकीचा हिशोब: शॅकलच्या (पाट्याचं टोक फ्रेमला जोडणाऱ्या हलत्या कडीच्या) पट्ट्या ८, पितळी बुश १२ (बाहेरून ४, आतून ३ मिमी), एम३ बोल्ट आणि नायलॉक नट १२-१२, २ मिमी सळईचे यू बोल्ट ८, त्यांचे नट १६, खालच्या प्लेट ४. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हा सगळा किरकोळ माल मिळतो. नट घट्ट आवळू नका, शॅकल बोटाने मोकळा हलला पाहिजे.

शॅकल पुढच्या पाट्याला पुढच्या टोकाला आणि मागच्याला मागच्या टोकाला. कमान सपाट होताना पाटा साडेतीन मिमी लांबतो, म्हणून शॅकल भोकापासून भोकापर्यंत १२ मिमी तरी हवा, आणि गाडी उभी असताना थोडा बाहेर झुकलेला. उलटा झुकला तर उडी मारताच पलटतो आणि गाडी एका बाजूला अडकते. प्रॉपेलर शाफ्टही (मोटरची ताकद ॲक्सलला नेणारा दांडा) आत-बाहेर सरकणारा घ्या, आठ-दहा मिमी सरक पाहिजे.

शॉक शेवटी घ्या, फ्रेम उभी राहिल्यावर जागा मोजून. साधारण ८० मिमीचे आणि २० मिमी चालीचे लागतील. त्यांची कॉइल काढून टाका, नाहीतर पाटे नुसते शोभेचे उरतात. तेल २५ ते ३० वेट (तेलाच्या दाटपणाचं माप), त्याहून जाड नको, कारण पाट्यांचं आपसातलं घर्षणच बरंच काम करतं. पाट्यांमध्ये ग्रीसऐवजी ग्रॅफाइट पावडर लावा. ग्रीसला धूळ चिकटते.