वाचकांचे प्रश्न : रेवणसिद्ध म्हणजे काय हो?

प्रश्न : नमस्कार काका, आम्ही जुळे सोलापूरला राहतो. पुढच्या आठवड्यात बाळाचं बारसं आहे आणि सासूबाईंची फार इच्छा आहे की त्यांच्या आजेसासऱ्यांचं नाव ठेवायचं, रेवणसिद्ध. मला आवडतंय पण मिस्टर म्हणतात आता असलं नाव कुणाचं नसतं, शाळेत पोरं रावण रावण करून चिडवतील. अर्थ काय ह्याचा, आणि रावणाशी काही संबंध आहे का? प्लीज सांगा.

उत्तर : ताई, रावणाशी काडीचाही संबंध नाही, हे आधी मिस्टरांना सांगून टाका.

सिद्ध म्हणजे साधना पूर्ण झालेला, ते सोपं आहे. रेवणच्या मात्र दोन कथा आहेत. नवनाथांच्या पोथीत एका शेतकऱ्याला रेवेच्या म्हणजे नर्मदेच्या काठी वाळूत बाळ सापडतं, त्याचं नाव रेवण ठेवतात, तेच पुढं रेवणनाथ. सांगली जिल्ह्यात विट्याजवळ रेणावीला त्यांचं ठाणं आहे. आणि वीरशैव मंडळी सांगतात की रेवण म्हणजे रेणुक, पंचाचार्यांतले म्हणजे त्यांच्या पाच मूळ आचार्यांतले रेणुकाचार्य, जे तेलंगणातल्या कोलनुपाकला सोमेश्वर लिंगातून प्रकटले, कर्नाटकातलं बाळेहोन्नूरचं रंभापुरी पीठ त्यांचंच. रेणू म्हणजे धुळीचा कण. म्हणजे बघा, एकीकडं वाळू एकीकडं धूळ, दोन्हीकडं नाव मातीतूनच आलंय, मला हे फार आवडतं. कानडी घरांत ह्याचंच रेवण्णा होतं, आणि धनगर समाजात तर रेवणसिद्ध म्हणजे गुरूच.

आता आपल्या सोलापूरचं सांगतो, कारण मला वाटतं तुमच्या सासूबाईंचा जीव इथंच अडकलाय. आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर 12व्या शतकातले, आईवडील सुग्गलादेवी आणि मुद्दगौडा. कथा अशी आहे की ह्यांच्या पोटी मोठा योगी जन्माला येणार हे आधीच सांगितलं ते रेवणसिद्धांनी. म्हणजे ज्या सिद्धरामामुळं घरोघर सिद्राम, सिद्धाराम, सिद्धेश्वर नावं ठेवली गेली, ज्यांच्यासाठी संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतात आणि आपण सगळे रस्त्यावर उभे असतो, त्यांच्या येण्याची बातमी देणाऱ्याचं हे नाव. विजापूर रोडला रेवणसिद्धेश्वराचं देऊळ आहे, बारशाआधी एकदा दोघं बाळाला घेऊन जाऊन या.

चिडवण्याचं म्हणाल तर पोरं कशावरूनही चिडवतात, आर्यनलाही चिडवतात. घरात रेवण म्हणा, रेवू म्हणा, गोड लागतं. आजेसासऱ्यांच्या पिढीपर्यंत टिकलेलं नाव तुमच्याकडं सोडून द्यायला लागू नये असं मला मनापासून वाटतं.

फक्त एक करा, जन्मदाखल्यावर रेवणसिद्ध सलग एकच शब्द लिहून घ्या आणि ण नीट तपासा. तोडून लिहिलं की सिद्ध हे वडलांचं नाव समजतात आणि मग आधार, शाळा, सगळीकडं दुरुस्त्या करत बसावं लागतं.