एक्सप्रेस एन्ट्री : पोच आली, आता पुढे काय?

कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी, ‘एक्सप्रेस एन्ट्री’ या ऑनलाइन पद्धतीतून अर्ज भरल्यानंतरचे पहिले काही महिने फार बेचैनीचे असतात. या वेळची बहुतेक पत्रं त्याच काळाबद्दल आहेत.

‘सबमिट’ केल्यावर लगेच एओआर आलं. म्हणजे कागदपत्रं पूर्ण आहेत असं समजू का? (ठाणे)

नाही. एओआर म्हणजे निव्वळ पोच, आणि ती संगणकच पाठवतो. तोवर तुमची फाइल कोणी उघडलेलीही नसते. पहिली तपासणी त्यानंतर होते, तीही फक्त पूर्णतेची : मागितलेला प्रत्येक कागद जोडलाय का, फी भरलीय का, पीसीसी (पोलिसांचा चारित्र्याचा दाखला) आहे का. वैद्यकीय तपासणीचा पुरावाही त्यातच आला. 21 ऑगस्ट 2025 पासून ही तपासणी अर्ज भरायच्या आधीच करून घ्यावी लागते. जुने यूट्यूब व्हिडिओ पाहून ‘नंतर बोलावतील’ म्हणत बसू नका. इथे काही कमी निघालं तर अर्ज परत येतो. फीही परत मिळते, पण आयटीएची, म्हणजे अर्ज भरायच्या निमंत्रणाची, 60 दिवसांची मुदत तोवर बहुधा संपलेली असते, म्हणजे पुन्हा पूलमध्ये, निमंत्रणाची वाट पाहणाऱ्या उमेदवारांत, रांग.

पात्रतेची तपासणी वेगळी. तिथे कागद आहे की नाही एवढंच बघत नाहीत. तुम्ही जे लिहिलंत ते त्या कागदावरून सिद्ध होतं का, हे बघतात. तिथे नकार आला तर प्रक्रियेची फी बुडाली.

जुन्या कंपनीचं एचआर फक्त रिलीव्हिंग लेटर देतं, कामाचं वर्णन द्यायला तयार नाही. मी तेच जोडून अर्ज पाठवलाय. चालेल का? (पुणे)

माझ्या मते आपल्याकडच्या अर्जांचं सर्वांत कच्चं अंग हेच. ‘सीनियर असोसिएट या पदावर होत्या, वर्तणूक समाधानकारक’ एवढ्यावर अधिकाऱ्याने काय ठरवायचं? सीनियर असोसिएट बँकेत असतो, ऑडिट फर्ममध्ये असतो, कॉल सेंटरमध्येही असतो. (समाधानकारक वर्तणुकीला तिकडे कोणी विचारत नाही.) अधिकाऱ्याला लेटरहेडवर सहीनिशी हवं असतं ते हे : पद, कामाच्या तारखा, आठवड्याचे तास, पगार व भत्ते, आणि प्रत्यक्ष कामं. ही कामं तुम्ही निवडलेल्या एनओसी कोडशी (कॅनडाच्या व्यवसाय-वर्गीकरणातला क्रमांक) ताडून पाहिली जातात.

एचआर हलत नसेल तर त्या वेळच्या मॅनेजरला गाठा. कंपनीच्या नियमांमुळे त्यांना लेटरहेड वापरता येत नसेल, तर त्यांच्याकडून नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करून घ्या. सोबत ऑफर लेटर, बढतीची पत्रं, पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16 आणि एचआरला लिहिलेल्या विनंतीचा ईमेल जोडा. हे सगळं का जोडतोय, ते एका पानाच्या स्पष्टीकरणपत्रात, म्हणजे एलओईत, सरळ सांगा. अर्ज गेला असला तरी आयआरसीसीच्या, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या, वेबफॉर्ममधून हे आजच पाठवा. कोणी मागेल याची वाट पाहू नका. कागद उशिरा आले म्हणून विचारात घेतले जातीलच अशी हमी नाही, पण न पाठवण्यापेक्षा बरं.

दोन गोष्टी मात्र करू नका. एनओसीच्या पानावरची वाक्यं जशीच्या तशी पत्रात उतरवू नका, ती लगेच ओळखू येतात. आणि ‘लेटरची व्यवस्था करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटापासून दूर राहा. खोटी माहिती सिद्ध झाली तर पाच वर्षांची बंदी येते.

मेडिकल ‘पास’ दिसतंय, पात्रता दोन महिने ‘तपासणी सुरू’वरच आहे, बॅकग्राउंड चेक सुरूच नाही. जीसीएमएस नोट्स (आयआरसीसीच्या संगणकातल्या माझ्या फाइलवरच्या नोंदी) मागवू का? (नाशिक)

इतक्यात नको. बहुतांश अर्ज सहा महिन्यांत निकाली काढायचे असं आयआरसीसीचं उद्दिष्ट आहे, त्यामुळे दोन महिन्यांची शांतता नेहमीचीच. नोट्स ॲक्सेस टू इन्फर्मेशन कायद्याखाली मागवल्या तर फी 5 डॉलर, आणि मागणारी व्यक्ती कॅनडाची नागरिक, पीआर किंवा कॅनडात असलेली लागते; स्वतःची माहिती प्रायव्हसी कायद्याखाली मात्र भारतातूनही विनाफी मागता येते. शिवाय फाइल अजून कोणी वाचलीच नसेल तर नोट्समध्ये तरी काय दिसणार? दर आठवड्याला ‘काय झालं’ असा वेबफॉर्म टाकूनही काही हलत नाही.

निधीच्या पुराव्यात फ्लॅट आणि पीएफ दाखवता येतो का? (कोल्हापूर)

फ्लॅट नाही. हाताशी असलेले, हवे तेव्हा काढता येणारे पैसेच धरतात. त्यामुळे पीएफवरही विसंबू नका. बँकेच्या पत्रात खातं कधी उघडलं, आजची शिल्लक, सहा महिन्यांची सरासरी आणि थकीत कर्जं हवीत. वडिलांनी गेल्याच महिन्यात मोठी रक्कम टाकली असेल तर गिफ्ट डीड जोडा. कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लासवाल्यांना (कॅनडातल्या कामाच्या अनुभवावर अर्ज करणाऱ्यांना) ही अट नाही.

अर्ज केल्यावर पत्नीला दिवस गेल्याचं कळलं. आत्ता कळवू की बाळ झाल्यावर? (डोंबिवली)

आत्ता कळवलंत तर चांगलंच. जन्मानंतर मात्र लगेच कळवायलाच हवं. पीआर मिळण्याआधी जन्मलेलं मूल अर्जात दाखवलं नाही, तर पुढे त्याला स्पॉन्सर करणं फार अवघड होतं. बाळाचा जन्मदाखला, पासपोर्ट आणि वैद्यकीय तपासणी लागेल. महापालिकेचा दाखला बऱ्याचदा आधी बाळाच्या नावाशिवायच निघतो. नाव लवकर ठरवा, त्याची नोंद करून घ्या आणि मगच पासपोर्टचा अर्ज भरा.