३.६० लाखांचे पॅकेज: नोकरी घ्यावी की थांबावे?

बी.कॉम. होताच पुण्यात वार्षिक ३.६० लाखांची नोकरी मिळत असताना ती स्वीकारावी की थांबावे, असे आपण विचारले आहे. प्रथम दरमहा ३० हजारांचा आकडा मनातून काढावा, कारण पॅकेजमध्ये कंपनीने आपल्या नावे भरायच्या रकमाही धरलेल्या असतात. मूळ वेतन १५ हजार धरल्यास भविष्यनिर्वाह निधीत कंपनीचे व आपले प्रत्येकी १,८०० रुपये, ग्रॅच्युइटीची (दीर्घ सेवेनंतर नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची) तरतूद आणि २०० रुपये व्यवसाय कर वजा जाता हाती साधारण साडेपंचवीस हजार येतात, आणि खोलीभाडे व मेस त्यातूनच भागवावी लागते. तरीही जीएसटी विवरणपत्रे आणि बँक ताळमेळ प्रत्यक्ष हाताळायला मिळणार असतील, तर मी ती स्वीकारीन. नुसत्या नोंदी भरायच्या असतील, तर मात्र (मुलाखतीत कितीही गोड बोलले गेले असले तरी) नेमणूकपत्रातील बाँडची (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची) अट वाचल्याशिवाय सही करू नये.