कपाटातली पुस्तकं आणि शुक्रवारचा एक तास

मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) मंडळ्यांतल्या संडे स्कूलविषयी, म्हणजे रविवारी मुलांना पवित्र शास्त्र शिकवणाऱ्या वर्गांविषयी, सोलापूर शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. पत्रं लांब होती, इथे मुद्दा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न: सप्रेम सलाम. आमच्या पास्टोरेट कमिटीने (मंडळीचा कारभार पाहणारी समिती) यंदा संडे स्कूलसाठी रक्कम मंजूर केली. त्यातून वयोगटांप्रमाणे पुस्तकांचे संच आणि टीचर गाईड आणले. चार महिन्यांत निम्मी पुस्तकं कपाटात गेली. टीचर सहा, मुलं पंचेचाळीसच्या आसपास. दुसरा अभ्यासक्रम घ्यावा का? (सुपरिटेंडंट, विजापूर रोड)

एवढ्यात घेऊ नका. पुस्तक कपाटात जातं ते बहुतेक वेळा पुस्तकाच्या दोषामुळे नव्हे. गाईड शनिवारी रात्री जेवणं आटोपल्यावर उघडलं जातं. त्यात कृतीसाठी रंगीत कागद, डिंक, दोरा लिहिलेला असतो. तो घरात नसतो आणि दुकानं बंद झालेली असतात. मग रविवारी टीचर गाईडमधली गोष्ट वाचून दाखवते आणि उरलेला वेळ गाण्यांत जातो. असे तीन-चार रविवार गेले की गाईड घरी न्यायचंच बंद होतं. दुसरा अभ्यासक्रम आणलात तरी त्याचंही असंच होईल.

आधी टीचरांची आठवड्याची बैठक सुरू करा. शुक्रवारी संध्याकाळी, एक तास. शनिवार नको, कारण सामान आणायला मधे एक दिवस हातात हवा. पहिली 10 मिनिटं रविवारचा उतारा पवित्र शास्त्रातून मोठ्याने वाचा, गाईडमधून नव्हे. पुढची 10 मिनिटं हा उतारा आपल्याला स्वतःला काय सांगतो यावर बोला. मुलांचा विषय तोवर काढू नका. मग 25 मिनिटं खऱ्या कामाची. दोन टीचरांनी उभं राहून गोष्ट वर्गात सांगायची तशी सांगायची, प्रत्येकी 7 मिनिटं, आणि प्रत्येकीनंतर 5 मिनिटं इतरांनी बोलायचं. बोलण्याचा नियम एकच: काय पोहोचलं ते एक आणि काय बदलावं ते एक, त्यापुढे नाही. हा नियम सोडला की नवी टीचर पुढच्या शुक्रवारी येत नाही. त्यानंतर 10 मिनिटं सामानाची: कोणी काय आणायचं, किती नग. शेवटची 5 मिनिटं गैरहजर मुलांची नावं आणि प्रार्थना. सहा टीचर आहेत, म्हणजे प्रत्येकाची उभं राहण्याची पाळी तिसऱ्या आठवड्याला येते.

ही पद्धत आपल्या घरातलीच आहे. 1742 मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलला मेथडिस्टांचे क्लास, म्हणजे सभासदांचे छोटे गट, सुरू झाले, साधारण बारा जणांमागे एक लीडर. 1743 च्या जनरल रूल्समध्ये (मेथडिस्टांच्या आचरणाचे नियम) लीडरची दोन कामं सांगितली आहेत. आपल्या क्लासमधल्या प्रत्येकाला आठवड्यातून निदान एकदा भेटायचं, आणि आठवड्यातून एकदा पाळक (पास्टर) व स्ट्यूअर्ड (मंडळीचे पैसे सांभाळणारे) यांना भेटायचं. शिकवणाऱ्याला एकटं सोडायचं नाही, हे मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी पहिल्यापासून धरून ठेवलं होतं. आज आपण टीचरच्या हाती गाईड देतो आणि ख्रिसमसच्या कार्यक्रमापर्यंत तिची विचारपूसही करत नाही.

ही बैठक मोडते ती दोन कारणांनी. एक, तिच्यात सहल, गॅदरिंग आणि हिशेब घुसतात. त्यासाठी महिन्यातून एक वेगळा दिवस ठेवा. दोन, पाळकसाहेब कधीच येत नाहीत. दर शुक्रवारी नसेल जमत तर महिन्यातून एकदा तरी त्यांनी पूर्ण तास बसावं, प्रार्थना करून निघून जाऊ नये.

प्रश्न: सात ते नऊ वयाचा वर्ग घेते. गोष्ट मन लावून ऐकतात, पण प्रश्न विचारला की गप्प. नाहीतर कोणत्याही प्रश्नाला ‘येशू’ हेच उत्तर! सुवर्णवचन, म्हणजे पाठ करायला दिलेलं शास्त्रातलं वचन, तेही पुढच्या रविवारी आठवत नाही. (संडे स्कूल टीचर, होटगी रोड)

मुलं ‘येशू’ म्हणतात, कारण तुमच्या प्रश्नाला तेच उत्तर बसतं. ‘आपल्यावर प्रेम कोण करतो?’ याला दुसरं उत्तर नाहीच. प्रश्न बदलून पाहा.

लूक 19 मधली जक्कयाची गोष्ट घेऊ. तो मुख्य जकातदार होता असं आपण वाचतो आणि पुढे जातो. आजच्या मुलाला जकात ठाऊक नाही. तो पुणे नाका, बोरामणी नाका रोज म्हणतो, पण ‘नाका’ म्हणजे काय हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. तिथून सुरुवात करा. रस्त्यावर एक माणूस बसला आहे. गाडीत माल आहे, त्यावर दहा रुपये घ्यायचे आहेत, हा पंचवीस घेतो आणि पंधरा खिशात टाकतो. आता मुलांना गर्दीचा राग कळतो. हा राग कळल्याशिवाय येशूने त्याच्याच घरी उतरायला जाणं मुलांना नवल वाटत नाही, आणि गोष्टीचा सगळा जीव त्या नवलात आहे.

मग प्रश्न तीन प्रकारचे ठेवा. पहिला आठवणीचा: जक्कय कोणत्या झाडावर चढला? (उंबर. आपल्याकडे उंबराचं झाड आहेच, एक पान तोडून न्या आणि हातोहात फिरवा.) दुसरा कल्पनेचा: ज्याचे पंधरा रुपये गेले तो माणूस गर्दीत उभा होता, त्याला काय वाटलं असेल? तिसरा स्वतःचा: आपल्या वर्गात असं कोण आहे ज्याच्या शेजारी कोणी बसत नाही? हा तिसरा प्रश्न विचारताना नावं घ्यायची नाहीत, मनातल्या मनात विचार करायचा, हे आधी सांगा. नाहीतर एखादं मूल तिथेच रडवेलं होतं.

प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. बहुतेक टीचर दोनच्या आत स्वतः उत्तर देऊन टाकतात, आणि आपण गप्प बसलं तरी चालतं हे मुलांना कळून चुकतं.

वेळेचंही पाहा. 45 मिनिटांच्या वर्गात हजेरी-गाणं-प्रार्थना 10, गोष्ट 10, प्रश्न 10, कृती 10, वचन आणि समाप्ती 5. गोष्ट दहाच्या वर गेली की पहिली काट प्रश्नांवर बसते.

सुवर्णवचन शेवटच्या पाच मिनिटांत एकदम पाठ करून घेऊ नका. लूक 19:10 चे तुकडे करा: ‘मनुष्याचा पुत्र’, ‘हरवलेले शोधण्यास’, ‘व तारण्यास’, ‘आला आहे’. प्रत्येक तुकडा वेगळ्या कार्डावर लिहा. कार्डं गोष्टीआधी एकदा दाखवा, गोष्टीनंतर मुलांकडून क्रमाने लावून घ्या, शेवटी एकेक उलटं करत म्हणून घ्या. ‘तारण्यास’ म्हणजे ‘वाचवायला’ हे सांगितल्याशिवाय पाठांतर करून घेऊ नये. आणि पुढच्या तीन रविवारी हजेरीच्या वेळी तेच वचन पुन्हा म्हणा. एका रविवारी पाठ झालेलं वचन आठवड्यात पुसलं जातं, हा मुलांचा हट्टीपणा नाही, स्मरणाचा स्वभावच तसा आहे. मंडळीत जे भाषांतर वाचलं जातं त्यातूनच पाठ करून घ्या. वेगवेगळ्या भाषांतरांची सरमिसळ झाली की हुशार मूलही अडखळतं.

प्रश्न: बाजारात मिळणारी संडे स्कूलची पुस्तकं वेगवेगळ्या पंथांची असतात. आमच्या मेथडिस्ट मुलांना कोणती चालतील हे कसं ओळखावं? (पालक, बार्शी)

पूर्ण पुस्तक वाचायची गरज नाही. तीन पाठ उघडून बघा: बाप्तिस्म्याचा, तारणाचा आणि शेजाऱ्यावरील प्रीतीचा.

बाप्तिस्म्याच्या पाठात ‘लहानपणी झालेला बाप्तिस्मा खरा नव्हे’ असं लिहिलं असेल तर तो पाठ आपल्याला चालणार नाही. मेथडिस्टांच्या 25 धर्मकलमांपैकी सतरावं कलम लहान मुलांचा बाप्तिस्मा मंडळीत चालू ठेवावा असं स्पष्ट सांगतं. बाकीचं पुस्तक चांगलं असेल तर एवढा पाठ काढून पाळकांकडून दुसरा लिहून घ्या. तारणाच्या पाठात देवाची कृपा सर्वांसाठी आहे आणि आपण देवाकडे वळण्याआधीच ती काम करत असते, हे आलं पाहिजे. नरकाची चित्रं दाखवून सहा वर्षांच्या मुलाला ‘येशूला स्वीकारलं’ म्हणून हात वर करायला लावणारं पुस्तक, ते कोणत्याही पंथाचं असो, घेऊ नये. ते मूल हात वर करतं ते भीतीने. तिसऱ्या पाठात कृती आहे का पाहा. जनरल रूल्स तीन: वाईट टाळणं, चांगलं करणं, देवाने नेमलेल्या साधनांत (प्रार्थना, शास्त्रवाचन, उपासना) टिकून राहणं. मधला नियम ज्या अभ्यासक्रमात फक्त तोंडी येतो, त्यात टीचरने स्वतः भर घालावी.

आणखी एक, कळकळीने सांगतो. एक प्रत विकत घेऊन सगळ्या वर्गाला झेरॉक्स देऊ नका. छापील पानावर परवानगी दिली असेल तेवढीच पानं काढा. मराठीत मुलांसाठी लिहिणारे आधीच थोडे आहेत.

प्रश्न: प्रोजेक्टर घेण्याइतके पैसे नाहीत. चित्रं दाखवायची स्वस्त सोय सुचवा. (टीचर, अक्कलकोट)

सोलापूर जिल्ह्यात राहून याची चिंता नको. फ्लॅनेलच्या फळ्याऐवजी (कापड ताणलेला फळा, ज्यावर कागदी चित्रं धरून राहतात) टर्किश टॉवेल उत्तम चालतो, आणि किरकोळ दोषाचा सेकंडचा माल इथे स्वस्तात मिळतो. गडद निळा किंवा हिरवा, बिनडिझाइनचा, 30 बाय 60 इंची टॉवेल घ्या. दोनदा धुवा. नव्या कपड्यावरच्या फिनिशमुळे चित्र घसरतं. 2 बाय 3 फुटांच्या हलक्या प्लायवर ताणून मागे स्टेपल करा.

चित्रं जाड ड्रॉइंग पेपरवर काढून कापा. उभा माणूस निदान 8 इंचांचा हवा, नाहीतर मागच्या रांगेला दिसत नाही. पाठीला पॉलिशपेपरचे दोन-तीन इंचभर तुकडे फेविकॉलने चिकटवा, खरखरीत बाजू बाहेर ठेवून. 80 नंबरचा घ्या. फार बारीक कागद टॉवेलच्या फंद्यांत अडकत नाही. लॅमिनेशन करू नका, चित्र जड होऊन खाली येतं. फळा सरळ उभा न ठेवता थोडा मागे कलता ठेवा, आणि त्याच्यासमोरचा पंखा गोष्टीपुरता बंद करा. चित्रं सगळी आधी लावून ठेवायची नाहीत. जक्कय झाडावर चढतो तेव्हाच त्याला उचलून झाडावर लावायचं, आणि तेही मुलाच्या हाताने.

प्रश्न: आमच्या वर्गात काही घरं तेलुगू, काही कन्नड, आणि मुलं इंग्रजी शाळेत. कोणत्या भाषेत शिकवावं? (मोदी परिसर)

गोष्ट बोली, सोप्या मराठीत सांगा, कारण ती सगळ्यांना समजते. वाचायला लावताना जपा: इंग्रजी शाळेतलं मूल मराठी अडखळत वाचतं आणि हसं झालं की यायचं थांबतं. आधी टीचरने वाचावं, मग सगळ्यांनी मिळून. प्रार्थना मात्र मुलाला घरच्या भाषेत करू द्या. वचनाचं कार्ड घरी पाठवताना मागे संदर्भ लिहा, म्हणजे आजी आपल्या तेलुगू किंवा कन्नड बायबलमधून तेच वचन काढून देईल.

प्रश्न: मुलांच्या सुरक्षिततेसाठी मंडळीने काय नियम ठेवावेत? काही ज्येष्ठांना हा विषय काढलेलाच आवडत नाही. (कमिटी सदस्य, सोलापूर)

आवडो न आवडो, हा विषय काढलाच पाहिजे. कोणत्याही वर्गात दोन प्रौढ असावेत, आणि ते एकाच घरचे नसावेत. दार उघडं, किंवा दाराला काच. मुलाला एकट्याने कोणाच्या गाडीवरून घरी सोडायचं नाही. नवा टीचर निदान सहा महिने मंडळीत नियमित असावा आणि त्याची लेखी माहिती पाळकांकडे असावी. मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय स्टेटसला ठेवू नयेत.

मुलाने काही सांगितलं तर शांतपणे ऐका. खोदून प्रश्न विचारू नका, ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, आणि त्याचे शब्द त्याच दिवशी जसेच्या तसे लिहून ठेवा. पॉक्सो कायदा, 2012 (मुलांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा) याच्या कलम 19 प्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असणाऱ्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याची सक्ती आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. कमिटीत बसून मिटवण्याचा अधिकार ना पाळकांना आहे ना कमिटीला. मदतीसाठी चाइल्डलाइनचा 1098 हा नंबर वर्गाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावा, मुलांना वाचता येईल इतक्या खाली.

प्रश्न: एम. वाय. एफ.मधली (मेथडिस्ट युथ फेलोशिप, मंडळीतला तरुणांचा गट) मुलं-मुली उत्साहाने टीचर होतात आणि तीन महिन्यांत सोडतात. त्यांना कसं टिकवावं? (संडे स्कूल सेक्रेटरी, पंढरपूर)

पहिल्याच रविवारी पूर्ण वर्ग त्यांच्या अंगावर टाकू नका. बारा रविवार धरा. पहिले तीन नुसतं मागे बसून पाहायचं, एका मुलाकडे लक्ष ठेवायचं आणि ते कधी कंटाळलं ते लिहायचं. पुढचे तीन गाणं आणि सुवर्णवचन घ्यायचं. त्यानंतरचे तीन गोष्ट सांगायची. शेवटचे तीन पूर्ण वर्ग, आणि जुनी टीचर मागे गप्प बसलेली. मधे बोलून तिने सावरून घेतलं की नवी टीचर मुलांच्या नजरेतून उतरते, म्हणून जे सांगायचं ते वर्ग सुटल्यावर.

सोडण्याचं दुसरं कारण कोणी बोलून दाखवत नाही. संडे स्कूल उपासनेच्या वेळेतच भरत असेल तर टीचरला महिनोन् महिने उपदेश ऐकायला मिळत नाही, प्रभुभोजनालाही ती धावत येते. तीन रविवार शिकवणं आणि चौथा उपासनेत, अशी पाळी लावा. प्रभुभोजनाचा रविवार आळीपाळीने प्रत्येकीला मोकळा मिळेल असं पाहा. त्यासाठी दर तीन टीचरांमागे एक जादा हात लागेल. तो एम. वाय. एफ.मधून आणि महिला मंडळातून मिळू शकतो. पाळीचा कागद तीन महिन्यांचा एकदम करा आणि जूनमध्ये शाळा उघडण्याआधी वाटा, म्हणजे परीक्षा आणि लग्नसराई पाहून ज्याला बदल हवा तो आधीच सांगेल.