गाडी आतून पुसताना डिटर्जंट किती, पाणी किती

प्रश्न असा आहे की कापडी सीट आणि काळा डॅशबोर्ड असलेली गाडी घरातलंच कपड्यांचं डिटर्जंट पाण्यात कालवून आतून साफ केली तर चालेल का, आणि मागच्या सीटवर सांडलेल्या तर्रीच्या, म्हणजे तिखट तेलकट रश्श्याच्या, डागाचं काय करायचं.

चालेल भाऊ, पण पावडर नको आणि वडी तर नकोच. पावडरीत धुण्याचा सोडा असतो, तिच्या पाण्याचा पीएच साधारण 10 ते 11 च्या घरात जातो, म्हणजे ते बरंच अल्कधर्मी होतं. पूर्ण न विरघळलेले कण डॅशबोर्डवर ओरखडे पाडतात, आणि वडीतली चुन्यासारखी भर सीटच्या शिवणीत पांढरी होऊन बसते. पातळ डिटर्जंट घ्या. त्यातही लोकरीच्या, रेशमी कपड्यांसाठीचं, ईझीसारखं सौम्य डिटर्जंट मिळालं तर उत्तम. भांड्यांचं लिक्विड प्लास्टिकला चालतं, सीटला टाळा. त्याचा फेस इतका होतो की तो काढता काढता सीट भिजून जाते.

प्रमाण: प्लास्टिक, दारांची पॅनेलं, स्टिअरिंग यांना 1 लिटर पाण्यात 5 मिली, म्हणजे चहाचा एक लहान चमचा. कापडी सीटला 10 मिली. बाटलीच्या झाकणाने मोजू नका, ते झाकण बादलीभर कपड्यांच्या हिशोबाने केलेलं असतं. पाच सीटच्या गाडीला आतून 1 लिटर द्रावण पुरून उरतं. डिटर्जंट वाढवल्याने मळ जास्त निघत नाही, मागे साबण मात्र जास्त राहतो. तो चिकट थर धूळ धरतो आणि महिन्याभरात सीट पहिल्यापेक्षा काळी दिसते. "घरी धुतली आणि लवकर मळली" ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

पाणी कोणतं, हे नागपुरात बघावंच लागतं. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर काळ्या डॅशबोर्डवर वाळल्यावर पांढरे वण राहतात. नळाचं पाणी चालतं. शेवटचा हात आरओच्या शुद्ध पाण्याचा दिला तर फारच छान. आरओचं वाया जाणारं पाणी बरेच जण बादलीत साठवून गाडीला वापरतात. ते मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षाराचं असतं, म्हणून ते रबरी मॅटपुरतंच ठेवा.

ओलं फडकं लावायच्या आधी कोरडी धूळ निघालीच पाहिजे. सिमेंट रोडची धूळ आणि कोराडी-खापरखेड्याकडे राहणाऱ्यांच्या गाडीत येणारी वीजकेंद्राची राख, दोन्ही खरखरीत असतात. चकचकीत काळ्या पट्टीवर तसंच ओलं फडकं फिरवलं की बारीक गोल ओरखडे पडतात आणि ते जात नाहीत. आधी व्हॅक्यूम, एसीच्या जाळ्यांना रंगकामाचा मऊ ब्रश, आणि मग पाणी.

डॅशबोर्डवर थेट फवारू नका. बटणांच्या आणि स्क्रीनच्या कडेने पाणी आत उतरतं. मायक्रोफायबरचं फडकं द्रावणात बुडवून घट्ट पिळा, पुसा, आणि लगेच साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसा. स्क्रीन आणि मीटरच्या काचेला डिटर्जंट लावूच नका, किंचित ओलसर फडकं पुरे. मीटरवरची काच प्लास्टिकची असते, तिच्यावर अमोनिया किंवा अल्कोहोलचे काच-क्लीनरही नकोत. खऱ्या लेदरला हे द्रावण नको, त्याने ते कोरडं पडतं. रेक्झिनच्या सीटला चालतं, पण बारीक छिद्रांची असेल तर फडकं जवळजवळ कोरडंच हवं.

आता कापडी सीट. आधी सीटखालच्या कोपऱ्यात थोडं द्रावण लावून दहा मिनिटांनी पांढरं फडकं दाबून बघा. रंग उतरला तर तिथेच थांबा. नाही उतरला तर द्रावण भांड्यात फेटून फेस करा आणि सीटला फक्त फेस लावा. मऊ ब्रशने फूटभर चौकोन हलक्या हाताने घासायचा, कोरड्या फडक्याने मळका फेस टिपायचा, मग साध्या पाण्याचं पिळलेलं फडकं दोनदा, आणि पुढचा चौकोन. शिवणीपासून शिवणीपर्यंतचं पूर्ण कापड एका दमात करा. फक्त डागाची जागा ओली केली तर मळ पाण्याबरोबर कडेला सरकतो आणि वाळल्यावर गोल वण उमटतो. सीट वाळली की ओलं बोट घासून बघा, फेस आला तर साबण राहिलाय.

पुढच्या सीटच्या बाजूला एअरबॅग असू शकते, आणि सीटखाली पिवळे कनेक्टर असतात. तिथे पाणी ओतू नका, कनेक्टर ओढून काढूही नका.

तर्रीत तेल, तिखट आणि हळद असं तिहेरी काम असतं. डाग ताजा असेल तर टिपून घ्या, टाल्कम पावडर टाकून अर्धा तास ठेवा आणि व्हॅक्यूम करा, म्हणजे बरंचसं तेल निघून येतं. मग फेस. अल्कधर्मी साबण लागला की हळद लाल होते, हे बघून लोक घाबरून आणखी घासतात. घासू नका. साध्या पाण्याने साबण काढा, कपभर पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून टिपा, लाली उतरते. राहिलेला पिवळेपणा ऊन खातं: काच उतरवून त्या सीटवर थेट ऊन पडेल अशी गाडी काही दिवस लावा. ब्लीच सीटवर आणूच नका. व्हिनेगर किंवा संडास साफ करायच्या अ‍ॅसिडशी ते मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद गाडीत तो जिवावर बेतू शकतो.

दूध सांडलं किंवा पोराला उलटी झाली तर आधी थंड पाणी. गरम पाण्याने प्रथिनं धाग्यात पक्की बसतात. एन्झाइम असलेलं पातळ डिटर्जंट इथे उपयोगी पडतं, मात्र लावून 15-20 मिनिटं ओलसर ठेवावं लागतं. खर्‍याचे (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचे) जुने तपकिरी डाग प्लास्टिकवरून जातात, कापडावरून पूर्ण जातीलच असं नाही.

छताच्या कापडाला सगळ्यात कमी हात लावा. ते पातळ फोमवर गोंदाने चिकटवलेलं असतं, ओलं करून घासलं की सुटून लोंबतं. डाग असेल तिथेच फेस टेकवा आणि टिपा.

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिमट्याने अडकवा, त्याच सौम्य द्रावणाने लांबीच्या दिशेने पुसा, साध्या पाण्याचा हात द्या. पूर्ण वाळल्याशिवाय आत सोडू नका, नाहीतर ओल गुंडाळीत जाते आणि पट्टा कुबट वास मारतो.

वेळ सकाळची, जागा सावलीची. मे महिन्यात तापलेल्या डॅशबोर्डवर द्रावण पुसायच्या आधीच वाळतं आणि ओघळ राहतात. वाळवायला चारही दारं उघडून साधा पंखा लावा. कूलर लावायचा असेल तर त्याचा पंप बंद ठेवा, ओल्या ताट्यांतून येणारी हवा दमट असते. पावसाळ्यात कार्पेट ओलं करायचंच नाही. त्याच्या खालचा जाड थर दमट हवेत दिवसेंदिवस वाळत नाही. मॅट बाहेर काढून धुवा आणि कार्पेटला फक्त व्हॅक्यूम करा. कार्पेट भिजलंच, तर मॅट बाहेर ठेवून गाडी चालवताना एसी पायांकडे लावा. एसी हवेतली ओल खेचून घेतो.